चाबी कायची होती

शुक्रवारचा शेवटचा शो सुटला की आम्ही
बर्डीवरून गाड्या काढतो
आणि निखारेकाकांच्या ठेल्यावर येऊन थांबतो.
मे महिना, नवतपा लागलेला,
रात्री साडेबारालाही डांबर चपलेला चिकटतं,
तरी पोह्यांवर तर्री, आणि तर्रीवर अजून तर्री.

प्रशिक हेल्मेट काढायच्या आधीच सुरू होतो,
"पहिला हाफ एक नंबर, दुसरा निव्वळ पानी बे."
नाझिमा म्हणते, तू सिनेमा पाहत होता का मोबाईल?
ती रडते तिथं कॅमेरा हलतच नाही,
दोन मिनिटं. मी मोजली.
गुड्डू बोपचे फक्त फायटी मोजतो.
आज सात. मागच्या भागात अकरा होत्या.
त्याच्या मते जग बुडायला आलंय ते असं.

मग दिवाळीला येणाऱ्याचा विषय निघतो.
टीझर सत्तावन्न सेकंदांचा,
त्यावर आम्ही पाऊण तास बोलतो.
एक हात दिसतो, आणि मागं पेटलेला पूल.
हात कोणाचा, यावर दोन प्लेटा पैजेला लागतात.

काका कांदा चिरत ऐकतात.
मान वर न करता विचारतात,
"सुरू कसा होते?"
दरवेळी एवढंच.
कोणी शेवट सांगायला गेलं की सुरीचाच हात वर,
"ते राहू दे."

हे असं का, ते मला तिसऱ्या वर्षी कळलं.
इतवारीतल्या एका टॉकीजच्या कँटीनला
त्यांनी सव्वीस वर्षं काढली.
पडद्यावर नावं यायची तेव्हा ते आलूबोंडे तळत.
घंटी झाली की पंधरा मिनिटांत चारशे हात,
सुट्टे पैसे, सोड्याच्या बाटल्या, एखादी शिवी,
आणि पुन्हा अंधार झाला की
तेलकट बनियनवर, मागच्या दाराला टेकून,
उरलेला सिनेमा.
सव्वीस वर्षांचे शेवट आहेत त्यांच्याजवळ.
कोण मेलं ठाऊक आहे, कोणी मारलं तेही.
काहून मारलं, ते नाही.

"एक बाई होती," त्या रात्री ते म्हणाले,
"विहिरीपाशी उभी राहून नवऱ्याले चाबी वापस देते.
बोलत काईच नाई. अख्खं थेटर रडलं.
मीबी रडलो.
पन चाबी कायची होती?"

तो सिनेमा माझ्या जन्माआधीचा.
मी तो पाहिला नव्हता, तरी म्हणालो, सांगतो.
म्हणालो, तो कामाला परदेशी जातो,
रिकाम्या खोलीची चावी तिच्या हातात देतो,
म्हणतो, धूळ बसू देऊ नको.
ती रोज उघडते, झाडते, बंद करते.
नऊ वर्षं. त्या खोलीत काहीच नसतं.
काका बराच वेळ बोलले नाहीत.
पोहे खाली लागले, त्या दिवशी पहिल्यांदाच.

आणि आज प्लेट पुढं सरकवत ते म्हणतात,
"पाह्यला. टीव्हीवर लागला होता, दुपारी.
एकदम नावापासून पाह्यला."
मी तर्रीकडं बघतो.
"गोदामाची होती चाबी.
सोन्याच्या बिस्किटांची चोरी, बस."
गुड्डू ठसका लागेपर्यंत हसतो,
नाझिमा माझ्याकडं असं पाहते
की मीच ती बिस्किटं लपवली.

काका माझ्या प्लेटीत न मागता पळीभर तर्री ओततात.
"तुही सुरुवात चांगली होती," म्हणतात.
"मी तेच धरून चाललो."
मग फडकं खांद्यावर टाकून,
"बरं, हा दिवाळीवाला. सुरू कसा होते?"

कोणालाच ठाऊक नाही.
प्रशिक मोबाईल काढतो, परत ठेवतो.
रस्त्यावरून पाण्याचा टँकर जातो, गळत.
शेवटी गुड्डूच बोलतो, फायटीवाला गुड्डू,
बोटं चाटत, घाई न करता,
"अंधार असते काका.
काईच दिसत नाई.
अन् कोनतरी कांदा चिरत असते."